जोडघर, नोंद क्रमांक ४१

नँटिकोक, पेनसिल्व्हेनिया. खाणकामगारांची चाकोरीतली घरं.
वास्तुकार : कुणी नाही, कंपनीचा सुतार.
नक्षी : नाही.
डावा अर्धा हिरवा, उजव्यावर प्लॅस्टिकच्या पट्ट्या;
रंग दर्शनी भिंतीच्या बरोबर मधोमध थांबतो,
भावकीत मोजणी झाल्यासारखा.

आल्डोना, वय एक्क्याण्णव, जन्म डाव्या अर्ध्यातला,
कॉफी देते आणि मधली भिंत दाखवते.
एकेरी फळी. कंपनीनं लाकूड वाचवलं.
त्यामुळे पलीकडे प्रॉबर्ट खोकायला लागला
की हिची आई पातेलंसुद्धा अलगद ठेवायची.
अवेळी भोंगा झाला तर फळीवर टकटक, दोनदा.
ही लिथुएनियन, पलीकडची ग्वेनलियन वेल्श,
एकमेकींचं अक्षर कळायचं नाही.
टकटक कळायची.
एका गुरुवारी उत्तर आलं नाही.
आई पिठाच्या हातांनीच धावली.

‘महत्त्व’ या रकान्यात दोन ओळी मावतात.
मी पेन मिटून फळीवर बोटं फिरवते :
खांद्याच्या उंचीवर रंग उडालेला,
रुपयाएवढा खळगा.
पलीकडे आता कुलूप. किल्ली मागवली,
धूळ, मेलेल्या माश्या, तीच फळी.
खळगा तिकडेही आहे,
चार बोटं खाली.
ग्वेनलियन ठेंगणी असणार.