सहाव्या वर्षाचा फोन

दरवर्षी मार्चात मी लेवार्डेनहून फोन करते.
तोच कागद, तेच प्रश्न.
दम लागतो का? किती उशा घेऊन झोपता?
जिना चढताना मधे थांबावं लागतं का?
वर्षभरात इस्पितळात राहिलात?
हयात आहात का, हे विचारायचं नसतं.
फोन कोण उचलतं त्यावरून ते भरायचं असतं.

दोघं भावंडं, दोघांच्याही झडपांवर चुना.
हिल्के कालव्याच्या दारांचा राखणदार,
शौक्ये चाळीस वर्षं गोठ्यात.
चिठ्ठी संगणकानं काढली:
तिला करवत,
त्याला जांघेतल्या धमनीतून वर सरकणारी नळी.
"लहानपणीही हेच," ती म्हणाली,
"सायकल त्याला, चालणं मला."

नवी झडप दोघांचीही गायीच्या हृदयाच्या पडद्याची.
"इतकी वर्षं मी त्यांना पिळलं," शौक्ये हसली
आणि लगेच छातीवर उशी दाबून धरली,
कारण हाड तारेनं बांधलेलं होतं
आणि हसणं महाग होतं.

चौथ्या रात्री तिचं हृदय लय सोडून उधळलं.
ते मी लिहिलं, त्याला रकाना आहे.
पुढे सगळा मे महिना
ती भिंतीकडे तोंड करून पडून राहिली.
तिच्या नवऱ्यानं, खोसेनं,
स्वयंपाकघरातून दबक्या आवाजात सांगितलं.
त्याला रकाना नव्हता.

हिल्के तिसऱ्या दिवशी घरी,
पाचव्या दिवशी पुलावर, बोटींना हात करत,
नवव्या दिवशी चक्कर येऊन परत आमच्याकडे,
आणि गळ्याच्या हाडाखाली पेसमेकर.
शिवाय इकोच्या पडद्यावर
झडपेच्या कडेला एक बारीकशी ठिणगी.
डॉक्टर चित्र काढून समजावू लागले
तेव्हा त्यानं हात वर केला.
"दार ठीक आहे.
चौकट आणि भिंत यांच्यात फट राहिलीय.
माझ्याकडे आहे तशी एक, तीस वर्षं.
गळते.
बोटी जातात."

मोठ्या सभागृहात पडद्यावर दोन रेघा दाखवतात,
एक निळी, एक केशरी.
पहिल्या वर्षी अंतर राखून,
मग जवळजवळ येत, एकमेकींना घासत.
पुढचं अजून कळायचंय, वक्ता म्हणतो,
आणि पाण्याचा घोट घेतो.
रेघा लांबून गुळगुळीत दिसतात.
जवळून पाहिलं तर पायऱ्या असतात,
एकेक पायरी एकेका माणसाची.
काही पायऱ्या मी आवाजानं ओळखते.

या मार्चात हिल्केचा फोन
शौक्येनं उचलला.

"जानेवारीत," ती म्हणाली.
"दारावरचं बर्फ फोडायला उतरला.
आधी पाय घसरला की आधी ते थांबलं,
कोणी पाहिलं नाही.
कुत्रा होता फक्त."

कारणाच्या रकान्यात तीन चौकोन:
हृदय, इतर, अज्ञात.
मी कुत्र्याचा विचार करत राहिले.

"मग? जिंकलं कोण?"
मी म्हटलं, दहा वर्षांचा हिशेब झाल्याशिवाय
कोणी सांगणार नाही.
"मला अठ्ठ्याहत्तरावं लागलंय, बाई."
तिकडे किटली शिट्टी घालत होती,
तिनं ती उतरवली, सावकाश,
कपात ओतल्याचा आवाज आला.

"विचार ना पुढचं. माझंही घे आजच."

दम? नाही.
उशा? एकच.
इस्पितळ? गुडघ्यासाठी, एकदा.

"जिना चढते," ती म्हणाली. "मधे थांबते.
दमानं नाही गं.
तिथल्या खिडकीतून
त्याचं दार दिसतं."

मी 'नाही'वर खूण केली.