रेडिओ उंच फळीवर

रेडिओवर साबेला लागली
आणि ओब्दुलियानं सुरी खाली ठेवली.
नुसता ठेका. धडधड, धडधड.
खंजिरी कुठाय? आपली गालिसियन बोली कुठाय?
"माद्रिदवाल्यांनी नासवली पोरगी,"
रमोना म्हणाली, शिंपला उचकटत.

याच टेबलाशी उभी राहून शिकली ती
बुडालेल्या खलाशांची गाणी,
खारट बोटांनी पत्र्यावर ताल धरत.
लुगोच्या जत्रेला आम्ही सतराजणी
एका टेम्पोत कोंबून गेलो होतो तिच्यासाठी;
परतताना एकीचाही घसा धड नव्हता.

"बंद करा गं ते!"
रेडिओ उंच फळीवर. हात सगळ्यांचे ओले.

मी डबे मोजत होते.
सोनेरी झाकण, वर होडीचं चित्र,
आत आपल्याच खाडीतले शिंपले.
ते परदेशी जातात तेव्हा
त्यांना कुणी फितूर म्हणत नाही.
बोलले नाही मी हे.
सुऱ्या होत्या सगळ्यांच्या हातात.

मग शेवटच्या कडव्याआधी
तिनं श्वास घेतला,
तोच, अर्धवट, जिना चढून आल्यासारखा,
ओब्दुलियाचा.

ओब्दुलियानं नाक ओढलं.
"अजून तिथंच चुकते," म्हणाली,
आणि सुरी उचलली.