केसाची सावली

माझगावच्या शाळेत, खिडक्यांना काळा कागद लावून
तुंगारे सरांनी माझ्याच डोक्यातला एक केस मागितला,
लेझरच्या वाटेत उभा ताणून धरला.
मला वाटलं, भिंतीवर काळी रेघ पडेल.
पडली नाही.
जिथे सावली हवी, नेमका तिथेच लाल ठिपका,
आणि दोन्हीकडे तुटक तुटक उजेड,
कुणी चिमटीनं रांगोळी सोडत गेल्यासारखा.

"अडवलं की पसरतो," सर एवढंच म्हणाले.

घरी, आमच्या खोलीपुढे गोदामाची भिंत.
गोदी दिसत नाही. भोंगा मात्र येतो
कोपऱ्याला वळसा घालून,
आणि आईचा हात परातीतच थांबतो.
बाबांची बोट सुटून तीन वर्षं झाली.

"भिंतीकडे काय बघतेस?" ती विचारते.
भिंतीकडे नाही गं,
तिच्या कडेकडे.