जुने घरसामान

कागदावर लिहिलंय: जुने घरसामान, एक कुटुंब. बहारीनहून.
मालक अब्दुल गनी होडेकर, मुक्काम साखरतर, तालुका रत्नागिरी.
सही मुलीची. नावाआधी बारीक अक्षरात: मयत.

ट्रेलर शेडखाली घेतला की इंजिन बंद करायचं, बस.
ड्रायव्हरला उतरावं लागत नाही.
तो विचारतो, म्याडम, किरण सोडताय ना? पोरं व्हायचीयत अजून.
आम्ही काही सोडत नाही, दादा.
पडतंय ते मोजतो.
त्याला पटत नाही. दोन्ही हात मांडीत दाबून बसतो.

कुठेतरी एखादा तारा फुटला, कधी ते कोणाला ठाऊक.
त्यातला एक कण इतक्या लांबून येऊन
आपल्या डोक्यावर पाच कोसांवर हवेला धडकला,
त्या धडकेतून हे म्युऑन.
आयुष्य म्हणाल तर पापणी लवेतो लाखदा संपावं एवढं,
पण इतके घाईत की त्यांचं घड्याळ मागे पडतं,
आणि पोचतात.
तळहात उघडा धरा, सेकंदाला एक.
करंज्याच्या जेट्टीवर झोपलेल्या कुत्र्यातून,
द्रोणागिरीच्या झाडोऱ्यातून,
माझ्या आईच्या गुडघ्यातून,
तिथल्या नव्या स्टीलच्या वाटीपाशी किंचित वाकून.

कपड्यातून सरळ जातात. लाकडातून जवळजवळ सरळ.
लोखंडाशी बिचकतात.
शिसं, सोनं, असलं काही आडवं आलं की वाट मोडते.
वरच्या नळ्या सांगतात कुठून आला,
खालच्या सांगतात कुठे गेला,
मधलं आपण ओळखायचं.
आई म्हणाली, म्हणजे शेजारणीसारखंच की.
पाहुणा पुढल्या दारानं शिरला कसा, परसातून निघाला कसा,
त्यावरून घरात काय झालं ते कळतं.

पहिल्या मिनिटाला नुसतं धुकं.
तिसऱ्या मिनिटाला फ्रिज.
मग शिलाई मशीन, तिरकं.
आठव्या मिनिटाला मागच्या कोपऱ्यात
पत्र्याच्या पेटीत
एक गडद गोळा.

पिंपुटकर साहेब खुर्चीतून उठले.
या किनाऱ्यानं सोनं पुष्कळ पाहिलंय, तेही रात्रीचं.
त्यांच्या आवाजाला बढतीचा वास आला.

सील तोडलं. गाद्या, मिक्सर, प्लास्टिकची फुलं,
मखमलीत गुंडाळलेलं कुराण;
ते साहेबांनी स्वतः, दोन्ही हातांनी, उंचावर ठेवलं.
मग पेटी.
पेटीत पागाचं जाळं.
घडी घालून कंबरेशी बांधलेलं, कोरडं ठक्क.
बहारीनला समुद्र आहे म्हणा,
पण होडेकर तिथे तीस वर्षं एसी दुरुस्त करत होता.
काठानं शिशाच्या गोळ्या, दोनशे तरी.
साहेबांनी एक नखानं खरवडली.
नोंद करा, म्हणाले, मासेमारीचं जाळं, एक नग.
आणि चहाला गेले.

मी टॉर्च जवळ धरला.
प्रत्येक गोळीवर दोन खड्डे.

माझा बाप असंच बसवायचा.
गोळीला चीर, चिरेत दोरी, मग दाढेखाली धरून दाबायचं.
आई ओरडायची, विष आहे ते.
तो थुंकायचा, पुढची घ्यायचा.
मिठागरावरून सुटला की खाडीच्या भरतीत पाग मारायचा.
मिठागर हेच.
शेडच्या हिशेबानं सांगायचं तर
तिसऱ्या खांबापासून पुढे.

मशीनला चार किलो सहाशे ग्रॅम दिसलं होतं.
बरोबर होतं.

ड्रायव्हर खिडकीतून वाकला. सोनं निघालं का?
नाही, पाग.
पाग म्हणजे?
मी हात खांद्यामागे नेऊन गोल भिरकावला.
तो वर छपराकडे बघत राहिला,
काहीतरी पसरून खाली येईल म्हणून.

जाळं परत बांधायचं होतं.
त्यांची गाठ मला जमेना.
बापाची मारली.
नवं सील, नवा नंबर, दोन सह्या.
साखरतरला कोणी ती सोडायला बसेल,
थांबेल,
म्हणेल, ही आपल्यातली नाही.