टोकन नंबर

पप्पांचा टोकन नंबर अकराशे सत्तेचाळीस.
सत्तावीस वर्षं एकच.
अजून फोनही त्याच आकड्यानं उघडतात.

माझे पाच झाले. मधला एक आठवतच नाही.
सात महिने भरले की ब्रेक,
मग नवा ठेकेदार, गळ्यात नव्या रंगाची दोरी,
आत मशीन तेच,
त्याचा खोकलाही तोच.

रात्री साडेअकराला पपया नर्सरीच्या सिग्नलपाशी
बंद टपरीच्या फळीवर आमची मीटिंग.
खैरनार पाठीवरची बॅग उतरवत नाही,
ऑर्डर पडली की पळायचं असतं.
शबिस्ता यादी करते : नाव, कंपनी, किती वर्षं.
तिसऱ्या रकान्यात सगळ्यांचे महिनेच.
गांगुर्डे मागच्या वेळी होता,
आता चाकणला असतो म्हणे.

युनियनचे जुने काका म्हणाले,
तुमची पिढी कुठं टिकतच नाही.
खैरनार हसला, काका,
टांगून राहायला भिंतीत खिळा तर ठोकू द्या.

घरी आले तर पप्पा जागेच.
पत्रक वाचलं, चष्मा कपाळावर सरकवून.
मागण्या अकरा? तीन ठेवा. वर्गणी किती?
वीस.
पन्नास दिले, वर पावती मागितली.
पावतीपुस्तक काकांनीच दिलेलं, जुनं छापील,
टोकनचा रकाना असलेलं.
पप्पांनी सवयीनं ११४७ लिहिलं,
मग मागची पानं चाळत बसले.
रकान्यात नुसत्या रेघा,
कुणाची तिरकी, कुणाची पेन अडकून तुटलेली,
एक माझी.

ही कसली खूण गं?
म्हटलं,
नंबर आहे.