शेवटची चार पानं

सालमियाच्या मॉलमध्ये, शुक्रवारी, आठचा खेळ.
वज्रपंख पडद्यावर पहिल्यांदाच म्हातारा झालाय,
गुडघा धरून जिना उतरतो
आणि लेकीला विचारतो, जेवलीस का.

"कॉमिकमध्ये त्याला मुलगीच नाहीये!"
ओजस अंधारात कुजबुजतो, चिडून,
जणू कुणी त्याच्या वहीत परस्पर लिहिलंय.

ओजस, मी ते कॉमिक वाचलंय.
मिरजेत, दवाखान्यामागच्या रद्दीच्या दुकानातलं,
दीड रुपयाचं, दादात आणि माझ्यात एक.
शेवटची चार पानं शेंगदाण्यांच्या पुड्यांत गेलेली.
वज्रपंख गच्चीच्या कठड्यावर, एक पाय हवेत,
आणि पुढं थेट मलपृष्ठ: चॉकलेटची जाहिरात.

दादा म्हणायचा, पडला तो.
मी म्हणायचे, छे, खाली आला, पंख खुंटीला लावले,
चहा टाकला.
त्यावरून आम्ही आठवडाभर बोललो नव्हतो.

आता पडद्यावर चित्र एकदम दचकतं.
कुणीतरी कुणाच्या तरी जवळ जात होतं;
पुढच्या क्षणी सकाळ, आणि दोघं दूर उभी.
इथलीही पानं कुणीतरी काढून घेतलेली.
खाली अरबी अक्षरं उजवीकडून डावीकडं
उरलेलं सांगत राहतात.

बाहेर रात्री अकराला चाळीस अंश.
"मग खरा शेवट कुठला?"
दादाला फोन करावा, तर मिरजेत दीड वाजलेला.
मी गाडी शोधते. तिसरा मजला होता, की चौथा?
हातातली पॉपकॉर्नची कागदी पिशवी
उगाच उलगडून पाहते,
दोन्ही बाजूंनी कोरी.