चौथ्या मिनिटाला

माझ्या वहीत सगळा हिशेब असतो:
तारीख, मंडळ, किती बॉक्स, किती येणं बाकी.
तिचं नाव पहिल्यांदा आलं
ते पेन्सिलीनं, समासात.
शिकलगार नौशीन. माईक खाली घे, पोरगी बुटकी.

राजारामपुरी, काव्यवाचन, वेळ तीन मिनिटं.
तिसऱ्याला बाईंनी घंटी मारली.
ती थांबली नाही, घंटीवरच बोलायला लागली,
एका टिंगला एक ओळ, दुसऱ्या टिंगला दुसरी,
बाई चिडून आणखी जोरात, ही आणखी ठेक्यात,
मागच्या खुर्च्यांवरची पोरं उभी.
उत्तेजनार्थ. स्टीलचा डबा.
डब्यावर नाव घातलेलं, नौशाद.

मग दर सोमवारी माझ्या गोडाऊनला.
सोमवारी उद्यमनगर बंद, लेथ गप्प.
एरवी जिथं ओरडून बोलावं लागतं
तिथं ती स्वतःच्याच आवाजाला दचकायची.
म्हटलं, ट्रॅक लावू?
"नको. आधी शब्द चालू देत आपल्या पायानं.
दमले की लाव."

पावतीवर काय लिहायचं, मंडळांना कळेना.
शाहीर म्हणावं तर डफ नाही,
ऑर्केस्ट्रा म्हणावा तर गाणी नाहीत,
कवी म्हणावं तर लोक जागे.
शेवटी खजिनदारानं लिहिलं:
इतर खर्च, रुपये नऊशे.
पुढं किती वर्षं फोन उचलला की,
"इतर खर्च बोलतोय."

पुण्याला गेली. काचेचा स्टुडिओ, हुडहुडी भरवणारा एसी.
तिथला पोरगा, हेडफोन मानेत अडकवलेला:
"'लई' राहू दे, 'लई' चालतं.
पण 'मी आलो' काय? मुलगी ना तू? 'आले' म्हण."
"आमच्यात बायका बी आलो म्हणत्यात.
आजी वारली, ती पण 'जातो' म्हणूनच."
"ऐकणाऱ्याला चुकीचं वाटेल."
"वाटू दे की. तेवढंच नीट ऐकंल."
अकरा टेक. अकरा वेळा आलो.
करार त्यांनी फाडला की हिनं,
दोन्ही ऐकलंय मी.
रात्रीच्या एसटीनं परत. पहाटे गंगावेशीत
म्हशीचं धारोष्ण दूध उभ्यानं प्याली,
फेसाची मिशी मनगटानं पुसली.
घसा कसाय, विचारलं.
"घसा बरा हाय. कान दुखत्यात."

मग धंद्याची वर्षं.
इचलकरंजी, निपाणी, एकदा विमानानं दिल्ली,
कागलला पाऊस, तर समोर तेरा माणसं.
गारगोटीला कुणीतरी चप्पल फेकली,
तिनं उचलली, उलटी करून बघितली:
"कोल्हापुरी न्हाई ही. टाकं बघा हिचं."
आणि त्याच श्वासात पुढची ओळ.
पुराच्या साली माझे दोन अँप भिजले.
कुणीतरी गोडाऊनच्या दारात पाकीट सारलेलं.
वर लिहिलेलं: इतर खर्च.

तिचा बाप गुजरीच्या कोपऱ्यावर
चाकू-कात्र्यांना धार लावायचा.
कार्यक्रमाला आला तो एकदाच,
सगळ्यात मागं, सायकलला टेकून.
संपल्यावर म्हणाला,
"मधी मधी पाणी सोडत जा.
सुकं घासलं की पातं जळतंय."
एवढंच. सायकलची घंटी मारली, गेला.

पुढच्याच कार्यक्रमात, चौथ्या मिनिटाला,
तिनं हात वर केला. मी ठेका बंद केला.
माईक चालू, आणि काहीच नाही.
मला वाटलं वायर गेली.
तळहाताला घाम, बोटं फेडरवर.
रंकाळ्याकडनं भेळवाल्याच्या पातेल्यावर पळी आपटल्याचा आवाज,
कुणाचं तरी बाळ किरकिरलं,
आणि साडेतीनशे माणसांचा श्वास
माझ्याच बॉक्समधनं मला परत ऐकू आला.
तिनं माझ्याकडं बघितलं, मान हलवली.
ऱ्हाऊ दे.

आता ते वहीत पेननं आहे, चौकट करून.
पोरगा धंद्यात आला, त्याला आधी हेच पान उघडून दिलं.
चौथं मिनिट. हात लावू नये.
वायर शाबूत आहे.